हिरोशिमाला पाहुण्यांना नेताना

आम्ही ओसाकाला राहतो. त्यामुळे पुण्याहून कोणी आलं की क्योतो, नारा आणि हिरोशिमा हे ठरलेलंच. पहिल्यांदा दीर-जावेला नेलं तेव्हा सकाळी मियाजिमा हे जवळचं बेट केलं, हरणांबरोबर फोटो काढले आणि उरलेल्या दीड तासात अणुबॉम्बचं संग्रहालय उरकलं. तेव्हापासून माझा नियम आहे : संग्रहालयाच्या दिवशी दुसरं काही ठेवायचं नाही. मियाजिमा दुसऱ्या दिवशी.

शिन-ओसाका स्टेशनहून हिरोशिमाला शिंकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, साधारण दीड तास लागतो. तरी मी म्हणेन, आदल्या रात्री तिथे मुक्काम करा. सकाळी साडेसात ते साडेआठ संग्रहालयात फक्त ऑनलाइन तिकीटवाल्यांना सोडतात. नऊनंतर शाळांच्या सहली आल्या की एकेका काचेपुढे चार-चार रांगा. तिकीट मोठ्यांना २०० येन, दहावीच्या आतल्या मुलांना नाही. बंद होण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, ती आधी बघून घ्या. नाश्ता पोटभर करून निघा, बाहेर आल्यावर कुणाला काही खावंसं वाटत नाही.

ट्राममधून गेन्बाकु डोम-माए थांब्यावर उतरलात की बॉम्बनंतर उरलेल्या इमारतीचा घुमट समोरच. तिथे सगळे थांबतात. पण मागच्या गल्लीत, शिमा रुग्णालयापाशी, एक छोटा फलक आहे. १९४५च्या ६ ऑगस्टला सकाळी सव्वाआठला बॉम्ब फुटला तो याच्या डोक्यावर, सुमारे ६०० मीटर उंचीवर. पाहुण्यांना मी आधी तिथे उभं करते आणि वर बघायला सांगते. नुसतं आकाश असतं. मग बाग ओलांडून संग्रहालयात.

आत सुरुवातीलाच शहराची मोठी प्रतिकृती आहे, तिच्यावर स्फोट दाखवतात. लोक तिथेच वीस मिनिटं घालवतात. तुम्ही नका घालवू. तांत्रिक माहितीची दालनं नंतर पुन्हा लागतात. ताकद मुख्य इमारतीसाठी राखून ठेवा. तिथे अंधार आहे आणि माणसांच्या वस्तू आहेत : फाटके गणवेश, सव्वाआठला थांबलेलं घड्याळ, तीन वर्षांच्या मुलाची तीनचाकी. ती बापानं मुलासोबत अंगणात पुरली होती आणि ४० वर्षांनी, १९८५ साली, उकरून काढली. वस्तू अधूनमधून बदलतात, त्यामुळे अमुकच दिसेल असं धरून जाऊ नका.

सगळं वाचायला जाऊ नका, जमत नाही. सासूबाईंना नेलं तेव्हा त्या एका डब्यापाशी थांबल्या. ॲल्युमिनियमचा, काळा ठिक्कर, आत कोळसा. आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे करायच्या कामाला शाळकरी पोरांना जुंपलं होतं, त्यातल्या एका पोराचा तो डबा. आईला तो त्याच्या मृतदेहाखाली सापडला. सासूबाईंनी मला विचारलं, "आत काय होतं?" मी पाटी वाचून सांगितलं, भात आणि बटाट्याची परतलेली भाजी. त्या म्हणाल्या, "म्हणजे खाल्लाच नाही." तीस वर्षं त्यांनी घरात चौघांचे डबे भरलेत. पुढचं दालन त्यांनी पाहिलं नाही, मीही आग्रह केला नाही.

मुलांचं विचाराल तर, भाजलेल्या माणसांची छायाचित्रं आणि वाचलेल्यांनी काढलेली चित्रं अंगावर येणारी आहेत. माझ्या मुलाला मी सहावीत नेलं, त्याआधी नाही. फोटोला बंदी नाही, फ्लॅश मात्र चालत नाही. सेल्फी काढणारे दिसतात, त्यांच्याकडे बघून त्रास करून घेऊ नका.

मुख्य दालनं संपली की एका मार्गिकेला मोठ्या खिडक्या आहेत, समोर बाग. तिथे बाकावर बसा. घाई करू नका, बहुतेक लोक तिथे गप्पच असतात.

अजून बळ असेल तर जवळच जमिनीखाली स्मृतिभवन आहे, मोफत. उतरत उतरत खाली गोल खोलीत जायचं. भिंतीवर उद्ध्वस्त शहराचं चित्र १,४०,००० फरशांचं आहे. १९४५च्या अखेरपर्यंत मेलेल्यांचा अंदाजे आकडा तोच. मधोमध पाणी झुळझुळतं, कारण मरताना माणसं पाणी मागत होती. बागेतल्या स्मारकांपुढेही पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या दिसतील. कुणी विसरल्या असतील असं समजून आमच्या जाऊबाई एक उचलून कचऱ्यात टाकायला निघाल्या होत्या. म्हणून हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा.