जुन्या गाडीचे ब्रेक पाइप घरी कसे बदलावेत

पाइपवर जिथे क्लिप बसते, तिथे नखानं खरवडून बघा. गोव्यातल्या जुन्या गाडीत ब्रेकचा पाइप बहुधा तिथूनच कुजतो. चाकांनी उडवलेला लाल चिखल क्लिपच्या आड जाऊन बसतो, चवथ होऊन गेली तरी ओलाच राहतो, आणि घर किनाऱ्याजवळ असेल तर खारी हवा उरलेलं काम करते. आमची १९७९ची प्रीमियर पद्मिनी (घरात तिला सगळे फियाटच म्हणतात) खालून पाहिली तर काळ्या रंगानं छान माखलेली होती. मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या पाइपची क्लिप सैल केली तेव्हा गंजाचे पापुद्रे हातात आले, आणि बोट ओलं झालं.

या गाडीत ब्रेकचं सर्किट एकच आहे. मास्टर सिलिंडरमधला (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलतो तो) दाब एकाच वाटेनं चारही चाकांना जातो, त्यामुळे कुठेही भोक पडलं की चारही ब्रेक एकदम गेले. उरतो तो हँडब्रेक. एक पाइप कुजका निघाला तर बाकीचे त्याच वयाचे आणि त्याच चिखलात भिजलेले आहेत हे लक्षात घ्या. तेव्हा सगळे बदला, रबरी होजसुद्धा.

शिगमा आटोपल्यावर, पाऊस यायच्या आत हे काम काढावं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि जूनमध्ये आपल्याकडच्या हवेत पाण्याशिवाय दुसरं काही नसतं. मी शनिवार-रविवार धरला होता, लागले चार दिवस. दुसरी गाडी घरात नसेल तर तेवढी सोय आधीच बघा.

आधी आटे ओळखा

गोव्यात जुन्या गाड्यांची तऱ्हा जरा निराळी. १९६१पूर्वी पोर्तुगीज राजवटीत परदेशी गाड्या इथे सहज यायच्या, त्यामुळे एखाद्या जुन्या घराच्या शेडमध्ये जर्मन गाडी निघते, शेजारी इंग्लिश आणि पलीकडे अँबेसेडर. जर्मन आणि इटालियन वळणाच्या गाड्यांचे आटे मिलिमीटरचे, इंग्लिश वळणाच्या गाड्यांचे इंचाचे. ३/८ इंची, इंचाला २४ आट्यांचा नट आणि १० मिमी व्यासाचा, १ मिमी पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर) नट शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळत नाही. इंची नट साडेनऊ मिलिमीटरचा असल्यामुळे १० मिमीच्या भोकात तो ढिला का होईना, शिरतो. थोडा आवळलाही जातो, आणि पेडलवर जोरात पाय पडला की सुटतो. दुकानदारानं मला असेच सहा नट दिले होते, ‘सगळ्यांना हेच लागतात’ म्हणून. तेव्हा जुना नट खिशात घालून जा, आटे मोजायचा गेज न्या, आणि नवा नट हातानं शेवटपर्यंत फिरतो का, डुलतो का, हे बघूनच घ्या.

पाइपच्या तोंडाचंही तसंच. काही गाड्यांत तोंड नरसाळ्यासारखं पसरून आत दुमडलेलं असतं, त्याला डबल फ्लेअर म्हणतात; ज्या भोकात ते बसतं तिथे आत शंकूसारखा उंचवटा असतो. काहींत तोंड बटणासारखं फुगीर असतं, तो बबल फ्लेअर, आणि त्याची बैठक खोलगट. एकाच्या जागी दुसरा बसवला तर तो गळणारच. जुन्या पाइपचं तोंड कापून जवळ ठेवा आणि हुबेहूब तसंच करा.

सामान

बहुतेक जुन्या गाड्यांना ३/१६ इंची, म्हणजे पावणेपाच मिलिमीटरचा पाइप लागतो. २५ फुटांचं वेटोळं एका गाडीला साधारण पुरतं, पण आधी सुतळीनं मोजून घ्या. मूळ पाइप पोलादी असतो. मी तांबं-निकेल मिश्रधातूचा घेतला. तो गंजत नाही, हातानं वळतो आणि फ्लेअरही सुबक होतो. फ्रिज-एसीवाल्याकडची तांब्याची नळी स्वस्त मिळते, दिसायलाही तशीच, पण ती ब्रेकला लावू नका. शुद्ध तांबं कंपनानं कडक होत जातं आणि एक दिवस चिरतं. जुना पाइप मधेच कापून कम्प्रेशन जॉइंटनं जोडायचा सल्ला कुणी दिला तर तोही ऐकू नका.

याशिवाय पाइप कटर, फ्लेअरिंगचा सेट (पाइप पकडायचा साचा, ठसा आणि शंकू), बारीक कानस, नवे नट, क्लिपा, गाडीच्या पत्र्यातून पाइप जातो तिथले रबरी ग्रोमेट आणि गंज सोडवणारा स्प्रे लागेल. एका गोष्टीवर पैसे वाचवू नका: फ्लेअर नटचा पाना. हा रिंग पान्यासारखाच, पण पाइप आत सरकवता यावा म्हणून एका बाजूनं कापलेला असतो. साध्या फिक्स पान्यानं मऊ नटाचे कोपरे गोल होतात, मग पुढचा अर्धा दिवस त्या एका नटापायी जातो.

ब्रेक ऑइल गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेलं, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचं. सीलबंद बाटली आणा, अर्धी वापरलेली नको. ताजं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं; पावणेचार टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५वर येते. चोर्ला घाट उतरताना ब्रेकचे ड्रम तापले, ऑइलमधल्या पाण्याची वाफ झाली, की पेडल मऊ होऊन खाली जातं. डॉट ५ हे सिलिकॉनचं, ते यात मिसळू नका. नाव ‘ऑइल’ असलं तरी हे इंजिन ऑइलचं भावंड नव्हे. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, ग्रीस यांतलं काहीही ब्रेकच्या आत गेलं तर रबरी सील फुगतात.

गाडी उचलताना

सपाट, कडक जमीन निवडा. जांभ्याचा चिरा हा आपल्याकडे सगळ्या कामांवरचा उपाय आहे, पण गाडी चिऱ्यावर टेकवू नका. चिरा सच्छिद्र असतो, वजन एका कोपऱ्यावर आलं की भसकन फुटतो. सिमेंटच्या ब्लॉकचंही तेच. गाडी जॅकनं उचला आणि चांगल्या दर्जाच्या स्टँडवर बसवा, मग हातानं जोरात हलवून बघा. ज्या गाडीखाली तुम्ही झोपणार आहात ती तुमच्या धक्क्यानं डुलली तर पुन्हा उतरवा. चिरा चाकाला अडण म्हणून लावा, त्याला तो उत्तम.

ड्रम काढणार असाल तर आतली काळी धूळ फुंकू नका, हवेचा पाइपही मारू नका. जुन्या लायनरमध्ये (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्टीत) ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, साबणाच्या पाण्यानं भिजवून ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं टाकून द्या.

जुने पाइप सोडवणं

सोडवण्याआधी आठवडाभर रोज संध्याकाळी प्रत्येक नटाला तारेच्या ब्रशनं घासून स्प्रे मारायचा. मी पाचव्या दिवसापर्यंत धीर धरला, आणि बारा नटांपैकी दोनच अडले. जो अडतो त्याला आधी किंचित आवळायच्या दिशेनं हलवा, मग सोडा. पाइप नटाबरोबरच पिळवटायला लागला तर झगडू नका. पाइप नटाजवळ कापा आणि लांब सॉकेट चढवून नट काढा. पाइप तर फेकायचाच आहे. आगीचा उपाय गाडीवर करू नका, शेजारी रबर आहे, पेट्रोल आहे आणि ब्रेक ऑइलही पेटतं.

काहीही काढण्याआधी फोटो घ्या, भरपूर. पाइप कुठून वळतो, कशाच्या वरून जातो, क्लिपा कुठे. काढलेला पाइप शक्यतो अखंड ठेवा, नवा त्याच्यावरूनच वाकवायचा आहे. उघडी पडलेली भोकं लगेच स्वच्छ रबरी टोपीनं बंद करा. ऑइल रंगावर सांडलं तर ताबडतोब पाण्यानं धुवा; रंग सोलून निघतो. आणि जुनं ऑइल फेणीच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नका. ते विषारी आहे, आणि घरात कोण काय उचलून तोंडाला लावील सांगता येत नाही.

कापणं आणि फ्लेअर

सगळं काम इथे आहे. नव्या पाइपचे पाच-सहा तुकडे केवळ सरावासाठी वाया घालवा. माझे पहिले चार वाकडे निघाले.

कटर पाइपभोवती फिरवताना दर फेरीला थोडंच आवळा. घाई केली तर पाइपचं तोंड आत दबतं. कापल्यावर तोंड कानशीनं काटकोनात सपाट करा, आतली कोर बारीक टोकानं काढा, बाहेरची कड हलकेच मोडा. भुगा आत राहू नये म्हणून घासताना तोंड खाली धरा.

आता नट पाइपवर चढवा. दोन्ही नट, पाठीला पाठ लावून, आटे आपापल्या टोकाकडे. हे वाक्य वाचताना हसू येईल, पण सुंदर फ्लेअर झाल्यावर नट टेबलावर पडलेला दिसतो तेव्हा येत नाही. मी दोनदा केलंय.

पाइप साच्यात घट्ट पकडा. डबल फ्लेअरसाठी पाइप साच्याबाहेर किती ठेवायचा ते सेटमधल्या ठशाच्या पायरीवरून ठरतं: पायरीच्या उंचीइतकाच. ठशाला थेंबभर ब्रेक ऑइल लावा. ठसा दाबला की तोंड आधी फुगतं, मग ठसा काढून शंकू दाबायचा, की तोंड आत दुमडून दुहेरी होतं. बबल फ्लेअरला ठशाचा पहिला दाबच पुरतो. झालेला फ्लेअर भिंगाखाली बघा. तोंड मधोमध असावं, कडेला चीर नसावी, साच्याच्या दातांच्या खुणा बैठकीवर आलेल्या नसाव्यात. मनात शंका आली की कापून टाका. पाइप स्वस्त आहे.

वाकवणं आणि बसवणं

जुन्या पाइपशेजारी नवा धरा आणि एका टोकाकडून एकेक वळण देत जा. बेंडर नसेल तर टॉर्चच्या मोठ्या सेलभोवती वळवा. त्याहून आवळ वळण नको, पाइप चपटा होतो. जुना पाइप मोडला असेल तर जाड बांधणीची तार गाडीवर बसवून तिचा नमुना करा. वाकवून झालं की आत सायकलच्या पंपानं हवा मारा, थोडं नवं ऑइल घालून पाइप धुऊन घ्या.

पाइप सायलेन्सरपासून लांब हवा, ॲक्सल आणि स्टेअरिंगच्या हालचालीत कुठे घासता कामा नये. साधारण दर फुटावर एक क्लिप. क्लिपेच्या आत रबर असेल तर पाण्याला तिथून वाट राहील अशी ती बसवा. चिखल साठण्याचा मूळ रोग तोच. नट सुरुवातीला हातानंच तीन-चार आटे फिरवा, पाना नंतर. तिरका बसलेला आटा पान्याच्या जोरावर सरळ होत नाही. शेवटचं आवळणं बेताचंच, मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच.

होज बसवताना त्यावरची रेघ सरळ राहिली पाहिजे, पीळ नको. मग स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून, गाडी उचललेली असताना आणि चाकांवर असताना, होज टायरला लागत नाही ना हे बघा.

हवा काढणं

पाइप उघडले की आत हवा शिरते, ती प्रत्येक चाकाच्या निपलमधून (ब्रेकवरच्या पोकळ स्क्रूमधून) बाहेर काढायची. याला दोन माणसं लागतात. ड्रम ब्रेक असेल तर आधी शू (ज्यांवर लायनर असतं ते) ॲडजस्ट करा, नाहीतर पेडल उगाच लांब जातं. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. स्टेअरिंग उजवीकडे असलेल्या गाडीत बहुधा मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअल खरं.

निपलवर पारदर्शक नळी चढवा, दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. पेडलवर माझी मुलगी होती.

“दाब.”

“दाबलं.”

मी निपल अर्धा फेरा सोडतो, नळीतून बुडबुडे जातात.

“बाबा, खाली गेलं.”

“धरून ठेव.” निपल बंद. “आता सोड, सावकाश.”

निपल उघडा असताना पेडल सोडलं तर हवा परत आत जाते, म्हणून दोघांनी बोलत राहायचं. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा, म्हणजे ते तळाला टेकणार नाही. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन जिथे कधी पोचत नाही तिथे गंज असतो, आणि सील त्यावर घासलं की फाटतं. पाइप नवे आणि मास्टर सिलिंडर गेला, असं अनेकांचं होतं. दर सात-आठ दाबांनी टाकीत ऑइल भरा. ती एकदा रिकामी पडली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

रस्त्यावर काढण्याआधी

पेडल वरच्या वर आणि कडक लागलं पाहिजे. पूर्ण जोरानं दाबून मिनिटभर धरा. पाय हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय, किंवा मास्टर सिलिंडरचं सील आतून सोडतंय. मग प्रत्येक जॉइंट कोरड्या टिश्यूनं पुसा आणि रात्रभर गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरून ठेवा. आमच्या कागदावर सकाळी एकच डाग होता, मागच्या टी-जॉइंटखाली, रुपयाएवढा. तो पाइप काढून तोंड नव्यानं केलं.

हँडब्रेक चालतोय याची खात्री करून पहिली फेरी मोकळ्या सपाट मैदानावर घ्या, चालण्याच्या वेगानं, मग थोड्या जास्त. उतारावर लगेच नको. हे काम पहिल्यांदाच करत असाल तर ओळखीच्या मेकॅनिकला घरी बोलावून एकदा सगळे जॉइंट दाखवा. चहा-भज्यांवर हा सौदा फार स्वस्त आहे. शंभरेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा खाली जाऊन नट कोरडे आहेत का बघा, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा क्लिपांवर पाण्याचा पाइप मारा, चिखल ओला आहे तोवरच.