काउंटी जेलला पत्र पाठवताय? आधी पाकिटाचा कोपरा बघा

माझा मावसभाऊ इथे अमेरिकेत दोन महिने एका काउंटी जेलमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या तुरुंगात होता, कशासाठी ते विचारू नका, आणि माझं पहिलं पत्र त्याला मिळालंच नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी शेरीफच्या (काउंटीचा पोलीसप्रमुख) साइटवर इनमेट सर्च करा, म्हणजे कैद्याचं नाव शोधा. तिथे नावाचं जे स्पेलिंग असेल तेच पाकिटावर, चुकलेलं असलं तरी तेच, घरातलं बंड्या-पिंट्या नको. शेजारी बुकिंग नंबर, जेलमध्ये नोंद करताना कैद्याला देतात तो. मग जेलची मेल पॉलिसी, म्हणजे टपालाचे नियम वाचा, कारण टपालाचा पत्ता जेलचाच असेल असं नाही, बऱ्याच काउंट्यांनी टपाल भलत्याच राज्यातल्या स्कॅनिंग कंपनीकडे वळवलंय आणि आतल्या माणसाला पत्र टॅब्लेटवर दिसतं. काही ठिकाणी तर पाकीट चालतच नाही, फक्त पोस्टकार्ड.

आता मेन गोष्ट. पाकिटाच्या पुढच्या बाजूला, डावीकडे वर, स्वतःचं पूर्ण नाव आणि पत्ता. मागे नाही, पुढे! मी काय केलं, शाळेत पत्रलेखनात शिकवलं तसा पत्ता आतल्या कागदावर उजव्या कोपऱ्यात तारखेसकट टाकला आणि पाकीट बाहेरून कोरं. असं निनावी पाकीट बहुतेक जेल घेत नाहीत, आणि परत तरी कुठे पाठवणार? तीन आठवडे मी उत्तराची वाट बघतोय आणि हा फोनवर म्हणतो, दादा तू लिहिणार होतास ना.

कागद साधा, पेन निळं किंवा काळं. स्टिकर, ग्लिटर, सेंट, स्टेपल काही नको, ड्रग्जमध्ये भिजवलेले कागद आत जातात म्हणून ही कटकट. पोरीचं क्रेयॉनचं चित्रसुद्धा मी बाहेर काढलं, रडली. केसबद्दल एक अक्षर लिहू नका, पत्र वाचतात आणि ते सरकारी वकिलाकडे जाऊ शकतं. मराठीत लिहावंसं वाटतं, पण तपासणाऱ्याला कळलं नाही की पत्र अडकू शकतं, त्यामुळे मावशीचा निरोपसुद्धा मी इंग्रजीत लिहिला, कसातरीच वाटला.

कोपऱ्यात पत्ता लिहिलात? बघा परत.

पुस्तक असेल तर नवं, पेपरबॅक, थेट दुकानातून. कॅश अजिबात नको, पैशांचं कमिसरी अकाउंट (जेलमधल्या दुकानाचं खातं) वेगळं. पोस्टात टाकायच्या दिवशी पुन्हा सर्च, माणूस दुसरीकडे हलवला तर पत्र मागोमाग जाईलच असं नाही. तिकीट. कोपरा. टाका.