प्रश्न संपू द्या, मग टाइप करा: इंटरव्ह्यूतल्या या चुका टाळा

सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या जागेसाठी इंटरव्ह्यू घेताना पहिल्या दोन मिनिटांत एक आवाज हमखास येतो. माझं वाक्य अर्धं असतानाच सुरू झालेला कीबोर्डचा खडखडाट. तो ऐकला की पुढचा पाऊण तास मला आधीच दिसायला लागतो.

माझा एक ठरलेला प्रश्न होता (आता बदललाय, म्हणून सांगतो). सेन्सरच्या नोंदी वेळेनुसार लावलेल्या आहेत. दिलेल्या वेळेची नोंद शोधा, ती नसेल तर तिच्या लगेच आधीची द्या. एका मुलाने "वेळेनुसार लावलेल्या" एवढंच ऐकलं, "बायनरी सर्च!" (म्हणजे क्रमाने लावलेली यादी दर वेळी निम्मी करत शोधणं) म्हणाला आणि चार मिनिटांत कोड तयार. पाठ होता, अक्षरन् अक्षर बरोबर. फक्त माझ्या प्रश्नाचा नव्हता. नोंदी १०:००, १०:०५ आणि १०:१० च्या. मी १०:०७ दिली. यायला हवी होती १०:०५ ची नोंद, आलं उणे एक, म्हणजे "सापडलं नाही".

इथे थांबून "प्रश्न पुन्हा सांगता का?" म्हणाला असता तर काही बिघडलं नसतं. त्याने डागडुजी काढली. कुठे अधिक एक, कुठे उणे एक, 'लहान किंवा समान'च्या जागी नुसतं 'लहान'. शोधायच्या भागाची सुरुवात म्हणजे लो, शेवट हाय आणि मधली जागा मिड. शेवटी 'लो = मिड' लिहिलं आणि प्रोग्राम फिरतच बसला. लो ३ आणि हाय ४ असताना मिड येतो साडेतीन, अपूर्णांक उडून ३. म्हणजे लो पुन्हा ३, आणि हेच चालू. अठरा मिनिटं गेली. दुसरा प्रश्न विचारायला वेळच उरला नाही.

माझी सवय अशी: आधी प्रश्न आपल्या शब्दांत परत सांगायचा, मग एक उदाहरण हाताने सोडवायचं, आणि तेही अडचणीचं. यादी रिकामी असेल तर? वेळ पहिल्या नोंदीच्याही आधीची असेल तर? एकाच वेळेच्या दोन नोंदी असतील तर? हा तिसरा प्रश्न कुणी विचारला की मी तरी सावरून बसतो. कोडमध्ये मी 'उत्तर' नावाचं वेगळं व्हेरिएबल ठेवतो. मिडची नोंद चालण्यासारखी असली की ती त्यात टाकायची आणि लो = मिड + १; नसेल तर हाय = मिड − १. एखादी ओळ वाढते, हुशारी कमी दिसते, पण अडकत नाही.

बायनरी सर्च हा तसा पोरखेळ नाहीच. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीतसुद्धा (तिच्यासोबत येणाऱ्या तयार कोडमध्ये) लो आणि हायची बेरीज करून निम्मं करण्यात नऊएक वर्षं चूक दडून होती. बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या, म्हणजे तिथे मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या आकड्याच्या, पुढे गेली की आकडा ऋण व्हायचा. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये ते जाहीर लिहिलं, आणि कोड त्यांचाच होता. तेव्हा "तीनशे प्रश्न पाठ करा, महिन्यात तयारी" वाल्यांबद्दल मला काय वाटतं ते न लिहिलेलंच बरं.

गप्प बसून कोड लिहू नका. डोक्यात काय चाललंय ते मला स्क्रीनवर दिसत नाही.

शेजारच्या स्क्रीनवर एआय उघडून उत्तरं वाचू नका. ओळीमागून ओळ सरकणारे डोळे कॅमेऱ्यात दिसतात.

सिस्टिम डिझाइनमध्ये "दिवसाला दहा लाख रिक्वेस्ट" ऐकलं की लोक लगेच काफ्का (संदेशांचा मोठा ओघ हाताळणारी सिस्टिम) आणि शार्डिंगचे (डेटा अनेक मशीनवर वाटून ठेवण्याचे) चौकोन काढायला लागतात. अहो, दिवसात ८६,४०० सेकंद असतात. भागून बघा, सेकंदाला बारासुद्धा होत नाहीत. गर्दीच्या वेळी दहापट धरा. साध्या कामाला एक बरा डेटाबेस एवढं निवांत पेलतो.

पुढची चूक माझी स्वतःची. पहिली नोकरी सोडताना रेझ्युमेवर ठोकून दिलं होतं: "पेजचा लोड टाइम ४० टक्क्यांनी कमी केला." समोरच्या मॅडमनी नेमकं तिथे पेन टेकवलं. "चाळीस टक्के कशाचे?" म्हटलं, लोड टाइमचे. "सरासरीचे, की सगळ्यात हळू उघडणाऱ्या पाच टक्क्यांचे? कॅशे (एकदा आलेलं जपून ठेवायची जागा) भरलेली होती की रिकामी? मोजलंत कुठे?" मोजलं होतं माझ्याच लॅपटॉपवर, दोनदा. दुसऱ्या वेळी चित्रं कॅशेतून आली असणार, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर उमगलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि पान उलटलं.

आता माझ्याकडच्या प्रतीत प्रत्येक आकड्याशेजारी आधी किती, नंतर किती आणि कुठे मोजलं हे पेन्सिलीने लिहिलेलं असतं. नसेल तर आकडा उडवतो. "चित्रं लहान केली, पेज लवकर उघडायला लागलं" एवढं पुरतं. "आम्ही मायग्रेशन केलं" (जुन्या सिस्टिमवरून नव्या सिस्टिमवर गेलो) हेही त्याच जातीचं. त्यात तुम्ही काय केलंत, हे मी विचारणारच.

जुन्या साहेबाची उणीदुणी नकोत. माहीत नसेल तर फेकू नका; हॅश टेबलमधला (नोंदी कप्प्याकप्प्यांत ठेवणाऱ्या रचनेतला) शोध नेहमीच ओ(१) असतो, म्हणजे नोंदी कितीही असल्या तरी वेळ तेवढाच लागतो, असं म्हणणाऱ्याला मी, सगळ्या नोंदी एकाच बकेटमध्ये, म्हणजे कप्प्यात, पडल्या तर काय, असं विचारतो.

आणि "तुम्हाला काही विचारायचंय?" वर "नाही" म्हणू नका. मी स्वतः उमेदवार असलो की विचारतो, मध्यरात्री सर्व्हर पडला तर फोन कुणाला जातो? समोरचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले, तर ऑफर लेटर सावकाश वाचायचं.