घरगुती पाळणाघर सुरू करताय? मुलं सोडायच्या-न्यायच्या वेळा आधी पक्क्या करा

पाळणाघर घरात सुरू करायचं ठरलं की आधी मॅट, खेळणी, भिंतीवरची चित्रं याची खरेदी होते आणि वेळेचं काय विचारलं तर "साधारण आठ ते सात" असं तोंडी सांगून विषय संपतो. माझं म्हणणं उलटं आहे, खेळणी महिनाभर उशिरा आली तरी चालतील पण वेळा पहिल्या दिवसाच्या आधी कागदावर हव्यात, कारण मूल यायला लागल्यावर नियम सांगायला गेलं की त्या आईला वाटतं आपल्यालाच बोलतायत, तेच अ‍ॅडमिशनच्या वेळी सांगितलं तर कोणाला काही वाटत नाही. मी हे डोंबिवलीच्या हिशोबाने लिहितेय, म्हणजे आईबाबा दोघंही लोकलने ठाण्या-मुंबईला जाणारे. पुण्यात हिंजवडीहून येणारे पालक असतील तरी पद्धत हीच, फक्त लोकलच्या जागी रस्त्यावरचा ट्रॅफिक धरायचा.

सुरुवात स्वतःच्या घरापासून करा. पाणी कधी येतं, घरातले डबे कधी होतात, सासूबाईंचं नाश्त्याआधीचं औषध, आपलं मूल दहावीला असेल तर त्याचा अभ्यास, हे सगळं एका कागदावर मांडा. साडेसातला दार उघडायचं असेल तर सव्वासातपर्यंत तुमची आंघोळ आणि केरफरशी उरकून फरशी वाळलेली पाहिजे, ओल्या फरशीवर रांगतं मूल सोडता येत नाही. संध्याकाळचंही तसंच, किती वाजता हॉल घरच्यांना परत मिळायला हवा हे घरातल्या सगळ्यांना विचारूनच ठरवा, कारण तुम्ही आठपर्यंत हो म्हणालात आणि घरच्यांना ते मान्य नसेल तर दोन महिन्यांत भांडणं सुरू होतात आणि त्याचा त्रास मुलांना होतो. आणि एक साधी बेरीज करा, साडेसात ते सात म्हणजे साडेअकरा तास. एकटीने रोज इतका वेळ लहान मुलांमागे लक्ष ठेवणं कोणालाच झेपत नाही, त्यामुळे एक तर मदतनीस बाई ठेवा नाहीतर तास कमी करा, सुरुवातीला कमी ठेवून पुढे वाढवलेले बरे, वाढवलेले कमी करताना पालक फार नाराज होतात.

मग प्रत्येक पालकाच्या गाडीचा हिशोब, आणि इथे खरंच वेळ द्या. "ऑफिस किती वाजता सुटतं" एवढंच विचारू नका, ऑफिसातून स्टेशन, स्टेशनवरून कुठली गाडी, डोंबिवलीत उतरल्यावर ईस्ट की वेस्ट, तुमच्या दारापर्यंत रिक्षा की चालत, सगळं विचारा. राज्य सरकारच्या ऑफिसांचं उदाहरण घ्या, २०२० च्या फेब्रुवारीअखेर पाच दिवसांचा आठवडा झाला आणि बहुतेक ऑफिसांची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. मंत्रालयातून सव्वासहाला निघालेली बाई सीएसएमटीला येऊन गाडीत बसेपर्यंत पावणेसात होतात, तिथून फास्टला साधारण तासभर, पुढे पूल आणि रिक्षाची रांग, म्हणजे तुमच्या दारात ती आठच्या आत येऊच शकत नाही. तिला सातची वेळ सांगून अ‍ॅडमिशन दिलीत तर रोज उशीर होणार हे दोघींनाही आधीपासून माहीत असतं आणि तरी रोज ती धापा टाकत, माफी मागत येणार. त्यापेक्षा पहिल्याच भेटीत स्पष्ट बोला, एक तर आजोबांनी किंवा बाबांनी सातला न्यायचं, नाहीतर तुम्हाला जमत असेल तर साडेआठपर्यंतची वेगळी फी ठरवायची, आणि दोन्ही जमत नसेल तर नाही म्हणायचं. नाही म्हणताना जवळपासचं दुसरं पाळणाघर सुचवा, तिचीही अडचण खरी असते.

सकाळच्या दोन वेळा ठरवा, दार कधी उघडणार आणि शेवटचं मूल कधीपर्यंत घेणार. उघडायच्या आधी बेल वाजवायची नाही, दहा मिनिटं आधीसुद्धा नाही, हे लिहून ठेवा. शेवटची वेळ मी दहा धरायला सांगते कारण त्यानंतर कुकर लावायचा असतो, मऊ भात कितीजणांचा, वरण किती हे तेव्हा कळलं पाहिजे, आणि साडेदहानंतर आलेलं मूल जेवत पण नाही, झोपत पण नाही आणि बाकीच्यांनाही झोपू देत नाही. लसीकरण किंवा डॉक्टरमुळे उशीर होणार असेल तर आदल्या रात्री मेसेज, तेवढं पुरे.

शाळेत जाणारी मुलं घेणार असाल तर त्यांच्या वेळा वेगळ्या लिहा. २०२४ साली सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायचा निर्णय काढला, लहान मुलांच्या झोपेसाठी ते चांगलंच आहे पण पावणेआठची लोकल पकडणाऱ्या आईबाबांचं मूल आता शाळेआधी तुमच्याकडे येतं, तुमच्याकडून व्हॅनमध्ये बसतं आणि दुपारी व्हॅननेच परत येतं. म्हणजे एका दिवसात त्या मुलाची सोड-ने चार वेळा होते. व्हॅन गेटवर थांबणार की काका वर येणार, तुम्ही खाली गेलात तर वरच्या मुलांजवळ कोण, व्हॅन ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटांनंतरही आली नाही तर आधी काकांना फोन की शाळेला, हे सगळं आधी ठरलेलं हवं. काकांचा नंबर, व्हॅनचा नंबर आणि शाळेच्या ऑफिसचा नंबर फ्रिजवर चिकटवा. मदतनीस नसेल तर माझं स्पष्ट मत आहे की व्हॅनवाली मुलं घेऊच नका, तान्ही मुलं वर एकटी ठेवून पाच मिनिटंसुद्धा खाली जायचं नसतं.

सोडताना दारात काय बोलायचं तेही यादीत घ्या. रात्री झोप कशी झाली, शेवटचं दूध किंवा खाणं कधी, शी झाली का, ताप-खोकला आहे का, आज न्यायला कोण येणार, हे पाच प्रश्न रोज विचारा आणि वहीत लिहा, तीन-चार मिनिटांत होतं. तापाबद्दल कडक राहा. सकाळी पॅरासिटामॉलचं सिरप पाजून पाठवलेलं मूल दारात अगदी नॉर्मल दिसतं आणि चार-सहा तासांत औषध उतरलं की तापतं, तोपर्यंत आई दादरला पोचलेली असते आणि बाकी सगळी मुलं त्याच्याबरोबर खेळलेली असतात. म्हणून औषधाशिवाय पूर्ण एक दिवस ताप नसेल तरच आणायचं, आणि दिवसा १००.४ च्या वर गेला तर दोन तासांत कोणीतरी येऊन न्यायचं, तो कोणीतरी कोण ते नाव आधीच लिहून घ्या. आणखी एक, मूल रडतंय म्हणून त्याची नजर चुकवून पळून जायचं नाही हे प्रत्येक आईला सांगा. टाटा करायचं, संध्याकाळी कधी येणार ते सांगायचं, "तुझं दूध पिऊन झालं की आई येते" असं त्याला कळेल असं, आणि मग मात्र निघायचं, दारात पुन्हा पुन्हा वळून थांबायचं नाही. लपून गेलेल्या आईचं मूल पुढचे कितीतरी दिवस दाराकडेच बघत बसतं.

तान्ह्या बाळांचं गणित वेगळं आहे. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा मिळते, त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात, त्यामुळे बाळ तुमच्याकडे येतं ते चार-साडेचार ते सहा महिन्यांचं, अजून आईच्या दुधावरचं. अशा आईला सांगा की रजा संपायच्या दोन आठवडे आधीच यायला लागायचं, पहिले दोन दिवस तासभर तिने इथेच बसायचं, मग तास, दोन तास, अर्धा दिवस असं वाढवायचं, एकदम दहा तास नाही. आणि संध्याकाळी तिची गाडी ठाण्याहून सुटली की तिने मेसेज करायचा, म्हणजे शेवटची बाटली द्यायची की थांबायचं हे तुम्हाला ठरवता येतं. बाळ नुकतंच पोटभर प्यालेलं असेल तर ते आईला लागत नाही, तिची छाती दिवसभर भरून दुखत असते, आणि दिवसभरानंतर त्या दोघांचा पहिला निवांत वेळ तोच असतो. हा एक मेसेज नियमांमध्ये नक्की टाका.

दुपारी दीड ते साडेतीन नेणं-आणणं बंद ठेवा. अर्धा दिवसवाल्यांनी सव्वाला न्यायचं, नाहीतर चारला. अगदीच अडलं तर बेल नाही, फोन करायचा, आणि तुमचा फोन तेव्हा व्हायब्रेटवर हाताशी हवा. कुरिअरवाले, सोसायटीचा वॉचमन यांनाही हे सांगून ठेवा, एका बेलने पाच मुलं उठतात.

आता न्यायला कोण येणार. वेळेपेक्षाही हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, उशीर झाला तर मूल कंटाळेल पण चुकीच्या माणसाच्या हातात गेलं तर काहीच भरून येत नाही. फॉर्मवर आईबाबा सोडून जास्तीत जास्त तीन नावं घ्या, प्रत्येकाचा फोटो, आधारची कॉपी, मोबाइल नंबर, मुलाशी नातं. १८ वर्षांखालच्या ताई-दादाकडे द्यायचं नाही, सोसायटीतलेच असले तरी. यादीबाहेरचं कोणी येणार असेल तर मेसेजवर विश्वास ठेवू नका, मेसेज कोणीही कोणाच्याही फोनवरून करू शकतं, तुमच्याकडे सेव्ह असलेल्या नंबरवर तुम्ही स्वतः फोन लावून आवाज ऐका आणि आधी ठरवलेला परवलीचा शब्द विचारा. मूल त्या माणसाला ओळखतंय, कडेवर जातंय, एवढं पुरेसं धरू नका, लहान मुलं चॉकलेट दिलं की कोणाकडेही जातात. आईबाबा वेगळे राहत असतील तर कोणाकडे कधी द्यायचं हे कोर्टाच्या ऑर्डरच्या कॉपीवरून ठरवा, एकीचं ऐकून दुसऱ्याला दारातून परत पाठवायची जबाबदारी तुमची नाही, आणि ऑर्डर नसेल तर दोघांकडूनही लेखी घेतल्याशिवाय अ‍ॅडमिशन देऊ नका. न्यायला आलेल्या माणसाने प्यायलेली असेल तर मूल द्यायचं नाही, दुसऱ्याला फोन करायचा, हेही फॉर्मवर छापा, त्या क्षणी दारात वाद घालण्यापेक्षा छापलेला नियम दाखवणं सोपं जातं.

उशिराच्या पैशाबद्दल सगळ्या विचारतात, किती घ्यायचे. आधी इस्राएलमधल्या हैफा शहराचा अनुभव ऐका, तिथल्या दहा पाळणाघरांचा अभ्यास झाला, २००० साली छापून आला. त्यातल्या सहा ठिकाणी दहा मिनिटांपेक्षा उशीर झाला की दहा शेकेल दंड लावला, आणि उशिरा येणारे पालक कमी व्हायच्या ऐवजी जवळपास दुप्पट झाले, दंड काढून टाकल्यावरही परत खाली आले नाहीत. आधी मावशींना थांबावं लागतं याची लाज होती, दंड आल्यावर ती पैशाने विकत घेतलेली वेळ झाली. म्हणून मी नुसत्या दंडावर विसंबू नका म्हणते. पहिली दहा मिनिटं सोडून द्या, पुढे अर्ध्या तासाला जी रक्कम तुम्हाला योग्य वाटते ती घ्या पण त्याबरोबर महिन्याची मर्यादा लिहा, महिन्यात तीनदा उशीर झाला की समोरासमोर बसून बोलायचं आणि वेळ किंवा माणूस बदलायचं. ते बोलणं दारात नको, मुलासमोर तर अजिबात नको, आई आल्यावर मावशी रागावतात असं मुलाला वाटलं तर त्याला आई येण्याचीच भीती वाटायला लागते. उशीर झालेल्या मुलाचं तुमच्या मनात वेगळं वेळापत्रक असू द्या, सातनंतर त्याला थोडी पोळी-भाजी, एखादं पुस्तक, सगळे गेले आणि मी एकटाच राहिलो असं त्याला वाटू देऊ नका. आणि तासभर होऊन गेला, आईबाबा दोघांचा फोन लागत नाही, यादीतली तिन्ही माणसं उचलत नाहीत असं झालंच तर काय करायचं तेही लिहा, १०९८ चाइल्डलाइनचा नंबर आणि ११२ हे दोन्ही फॉर्मवर हवेत, म्हणजे पालकांनाही ते आधीपासून माहीत असतं.

पावसाळ्यासाठी वेगळा परिच्छेद लागतोच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या बंद पडल्या, लोक रात्रभर ऑफिसात आणि रस्त्यावर अडकले, आणि तेव्हा मोबाइलही धड लागत नव्हते. तेवढं रोज होत नाही पण दर पावसाळ्यात एक-दोन दिवस रुळांवर पाणी येतंच. त्यामुळे जूनच्या आधी प्रत्येक मुलाची एक पिशवी तुमच्याकडे हवी, दोन जोड कपडे, डायपर, दुधाची पावडर, पांघरूण, आणि मूल रात्री इथे राहिलं तर चालेल अशी आईबाबांची सही. अशा दिवशी उशिराचे पैसे घ्यायचे नाहीत, हे लिहूनच टाका, त्या दिवशी ती बाई आधीच घाबरलेली असते. उलट डोंबिवलीतच राहणारं एखादं माणूस प्रत्येकाच्या यादीत असावं असा आग्रह धरा, ठाण्याचा मामा त्या दिवशी उपयोगाचा नाही. पॉवर बँक चार्ज करून ठेवा.

शनिवारचं आणि सुट्ट्यांचं थोडक्यात. बँकवाल्यांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, सरकारी लोकांना सगळे, प्रायव्हेटवाल्यांचं काही खरं नाही, म्हणून शनिवारी मूल येणार की नाही हे गुरुवारपर्यंत कळवायचं आणि वेळ दोनपर्यंतच. गणपती, दिवाळी, तुमच्या स्वतःच्या सुट्ट्या यांची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच द्या. तुम्ही अचानक आजारी पडलात तर सकाळी सहाच्या आत मेसेज करा, म्हणजे निदान एकाला रजा टाकता येते.

हे सगळं मराठीत, एका पानावर पाठपोट मावेल इतकं लिहा, दोन कॉप्या काढा, आई आणि बाबा दोघांच्याही सह्या घ्या, फक्त आईची नको, कारण उशीर बाबांमुळे झाला तरी बोलणी तीच खाते. आजी-आजोबा न्यायला येणार असतील तर त्यांना समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवा. वेळा तेवढ्या मोठ्या अक्षरात दाराच्या आतल्या बाजूला लावा. आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की किंवा रेल्वेचं नवं टाइमटेबल आलं की कागद पुन्हा काढा, प्रत्येक पालकाची गाडी परत विचारा, बदल झाला असेल तर नवी तारीख टाकून नव्याने सह्या घ्या.