रिसीव्हर बदलायच्या आधी गच्चीवर चला

आमच्या शाहूपुरीतला इंजिनिअरिंगचा एक मुलगा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, हवामान उपग्रह डोक्यावरून जातो, पण मला नुसती खरखर येते. भारीतला रिसीव्हर घेऊ का?" त्याचं डोंगल ठीक होतं, साधं आरटीएल-एसडीआर, म्हणजे यूएसबीत खोचून लॅपटॉपवर चालवायचा छोटा रिसीव्हर. त्याच्याबरोबर आलेली छोटी दांडी मात्र त्याने खिडकीच्या लोखंडी ग्रिलला चिकटवली होती. त्याला म्हटलं, पैसे खिशात ठेव आणि माझ्याबरोबर गच्चीवर चल.

साताऱ्यात माझी तीस वर्षं टीव्हीचे अँटेना बसवण्यात गेली. सिंहगडच्या मनोऱ्याकडे तोंड करून ॲल्युमिनियमच्या काड्या उभ्या करायच्या, चपटी फीडर वायर ओढायची, चित्रात मुंग्या आल्या की पाइप फिरवत बसायचं. पुढे डिशच्या छत्र्या आल्या. मग मी हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेने रेडिओवर बोलायचा, परवाना काढला, आणि तेव्हा कळलं की गच्चीवर शिकलेलं सगळं इथे जसंच्या तसं लागू पडतं. स्कॅनर (फ्रिक्वेन्सी चाळत ऐकणारा रेडिओ) असो की डोंगल, त्याच्यापर्यंत सिग्नल पोचवणं हे आपलं काम आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. पोलीस किंवा विमानांचं बोलणं आपल्यासाठी नसतं, तिकडे मी जात नाही आणि कोणाला जाऊ देत नाही. हवामान उपग्रह, अंतराळ स्थानक, हॅम मंडळींचा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा, एवढं ऐकायला आयुष्य पुरत नाही. यंत्र विकत घेण्याआधी परवान्याचे नियम वाचा. बोलायचं असेल तर परीक्षा देऊन परवाना काढावाच लागतो.

आता जागा. साताऱ्याच्या दक्षिणेला अजिंक्यतारा, पश्चिमेला यवतेश्वर. या रेडिओ लहरी जवळपास सरळ रेषेत चालतात, डोंगर आडवा आला की संपलं. त्यामुळे पाण्याच्या टाकीच्या आडोशाला अँटेना लावू नका. कठड्याच्या वर निदान दोन मीटर जाईल असा पाइप उभा करा. जिन्याच्या खोलीचा पत्रासुद्धा आड येतो. त्या मुलाची दांडी ग्रिलवरून काढून नुसती गच्चीवर धरली, तेवढ्यानेच स्क्रीनवरच्या रेषा उठून दिसायला लागल्या.

उपग्रहासाठी अँटेना घरीच करा. भंगारवाल्याकडे जुन्या टीव्ही अँटेनाच्या नळ्या मिळतात. बरोबर फीडर जोडायची प्लॅस्टिकची डबी आणि पंखाचे नट मिळाले तर फारच छान. ५३.४ सेंटिमीटरच्या दोन नळ्या कापा. इंग्रजी व्हीसारख्या १२० अंशांत, जमिनीला समांतर बसवा आणि व्हीचं उघडं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला करा, कारण हे उपग्रह ध्रुवाकडून ध्रुवाकडे जातात. केबलची मधली तार एका नळीला, जाळी दुसरीला. डबीच्या खाली केबलचेच पाच-सहा वेढे गुंडाळून बांधा, म्हणजे केबलची बाहेरची जाळी स्वतःच अँटेना होऊन घरातली खरखर वर नेत नाही.

हॅम रिपीटर, म्हणजे लांबचं बोलणं पकडून पुन्हा जोरात सोडणारं केंद्र, ऐकायचा तर अँटेना उभा हवा. लांबीचं गणित सोपं आहे: ७१२५ ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर सेंटिमीटरमध्ये येतं. १४५ ला ४९ सेंटिमीटर. ही एक काडी उभी, आणि खाली ५२ सेंटिमीटरच्या चार काड्या छत्रीच्या काड्यांसारख्या ४५ अंशांत झुकलेल्या. केबल जोडायचं चार भोकांचं एसओ-२३९ सॉकेट आणि जाड तांब्याची तार एवढ्यात काम होतं. आडव्या अँटेनावर उभा सिग्नल फार कमकुवत होतो, हे विसरू नका.

केबलच्या बाबतीत लोक उगाच घाबरतात. रेडिओ ५० ओहमचा, डिशची आरजी-६ केबल ७५ ओहमची, मग चालेल का? ऐकण्यापुरती अगदी चालते. उलट बारीक आरजी-५८ वीस मीटर ओढली तर या फ्रिक्वेन्सीला निम्म्याहून जास्त सिग्नल केबलच खाते, आरजी-६ साधारण एक तृतीयांश. मात्र आरजी-६ ची जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते, तिला कथील धरत नाही. सोल्डरिंग गन घेऊन झटू नका. जाळी पिळून तिला लग दाबा आणि वॉशरखाली नटाने घट्ट आवळा. जोडावर सेल्फ-अमाल्गमेटिंग रबर टेप ताणून गुंडाळा, खालून वर, म्हणजे पाणी पदरावरून ओघळतं. घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ द्या. आपल्याकडच्या पावसात एकदा केबलमध्ये पाणी शिरलं की ती केबल फेकायचीच.

एवढं करूनही त्या मुलाच्या घरी खरखर होतीच. मग रात्री आम्ही लॅपटॉप बॅटरीवर ठेवून मेन स्विच बंद केला. स्क्रीनवर खरखर दाखवणारी खालची गवतासारखी रेष झटक्यात बसली. म्हणजे चोर घरातच होता. एकेक एमसीबी चालू करत गेलो. हॉल ठीक, स्वयंपाकघर ठीक, देवघराचा बटण दाबला आणि गवत पुन्हा वाढलं. देव्हाऱ्यावरच्या एलईडी माळेचा ॲडॉप्टर! तो बदलला, लॅपटॉपच्या चार्जरच्या वायरला खरखर अडवणारा फेराइटचा मणी लावला, आणि डोंगल दीड मीटरच्या यूएसबी वायरने लॅपटॉपपासून लांब नेलं. ही तपासणी फुकट होते, म्हणून अँटेना करण्याआधी केली तरी चालेल.

गावातल्या एफएमचा जोर डोंगलला सोसत नाही. नको तिथे गाणी ऐकू यायला लागली तर आधी गेन, म्हणजे डोंगल सिग्नल किती वाढवतं ते, कमी करा. तरी भागलं नाही तर एफएम अडवणारा फिल्टर मिळतो, किंवा टी-कनेक्टरवर आरजी-५८ चा टोक उघडं असलेला तुकडा लावा. १०० मेगाहर्ट्झला तो साधारण ५० सेंटिमीटर लागतो. थोडा लांब ठेवून स्क्रीनकडे बघत मिलिमीटर-मिलिमीटर छाटत जा. आपल्याला हव्या सिग्नलमधला थोडा भाग त्यातही जातो. बूस्टर घ्यायचाच तर फिल्टरनंतर, आणि पाइपावर अँटेनाजवळ. खाली टेबलावर लावलेला बूस्टर केबलमध्ये हरवलेलं परत आणत नाही, खरखर मात्र मोठी करतो.

पाइपाला जाड तारेने अर्थिंग द्या. वळवाचं आभाळ भरून आलं की केबल रेडिओतून काढून घराबाहेर टाका. गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नका.

पुढच्या रविवारी आम्ही मिटिऑर उपग्रहाची वाट बघत बसलो. अमेरिकेचे जुने नोआ उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले, आता १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रशियाचे हे मिटिऑर चित्रं पाठवतात. सिग्नलचं चित्र करणारं सॅटडम्प हे सॉफ्टवेअर चालू होतं. उत्तरेकडून सिग्नल वर आला आणि ओळ-ओळ करत हिमालय, गुजरातचा किनारा, घाटावरचे ढग उतरत गेले. श्रीलंकेच्या पुढे समुद्रावर चित्र काळ्या पट्ट्यांनी तुटलं. मुलगा म्हणाला, "काका, काय बिघडलं?" मी त्याला दक्षिणेकडे बोट दाखवलं. उपग्रह अजिंक्यताऱ्याच्या मागे गेला होता.