स्पॅम कॉल आणि फसवे मेसेज: नुसतं ब्लॉक करून भागत नाही, या चुका टाळा

सकाळी लोन, दुपारी प्लॉट, संध्याकाळी क्रेडिट कार्ड. मधल्या वेळात ‘तुमचं पार्सल अडकलंय’ आणि ‘तुमचं केवायसी संपलंय’. बहुतेक जण यावर एकच उपाय करतात, नंबर ब्लॉक. दुसऱ्या दिवशी तोच माणूस नव्या नंबरवरून हजर. मग वैतागून आपण म्हणतो, जाऊ दे, काही उपयोग नाही.

उपयोग आहे. पण आधी समोर कोण आहे ते ओळखायला हवं. एक असतो रीतसर नोंदणी केलेला जाहिरातदार. दुसरा साध्या दहा आकडी मोबाइलवरून माल खपवणारा, ज्याची कुठेच नोंद नसते. तिसरा सरळ चोर. पहिल्याला डीएनडी (‘डू नॉट डिस्टर्ब’, म्हणजे जाहिराती नकोत अशी आपल्या नंबरची नोंद) थांबवतं, दुसऱ्याला तक्रार थांबवते आणि तिसऱ्यापासून फक्त आपलं सावध असणंच वाचवतं. आपण या तिघांना एकाच मापाने मोजतो आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच होतात.

डीएनडी लावलं की सगळं बंद, असं समजणं

डीएनडी जरूर लावा. इंग्रजी कॅपिटल अक्षरांत ‘स्टार्ट’, एक जागा सोडून शून्य, एवढं टाइप करून १९०९ वर एसएमएस पाठवा. मेसेज जमत नसेल तर १९०९ वर फोन करा, किंवा तुमच्या मोबाइल कंपनीच्या ॲपमध्ये ती सोय शोधा. सगळंच बंद करायचं नसेल तर बँकिंग, घर-जागा, शिक्षण, आरोग्य, पर्यटन असे विषयवार पर्यायही आहेत. बऱ्याच जणांना भीती वाटते की यामुळे बँकेचे ओटीपी बंद होतील. होत नाहीत. ओटीपी, खात्यातल्या जमा-खर्चाचे मेसेज, गॅस बुकिंग हे सगळं येत राहतं, कारण ते जाहिरातीत मोडत नाही.

पण डीएनडीची पोच मर्यादित आहे. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण. त्याचे हे नियम साध्या कॉलना आणि एसएमएसना लागू आहेत. व्हॉट्सॲपवरच्या जाहिराती त्यात येत नाहीत, तिथे त्या त्या खात्यालाच ब्लॉक आणि रिपोर्ट करावं लागतं. अँड्रॉइडच्या मेसेजेस ॲपमध्ये फोटो आणि बटणांसकट जे जाहिरातीचे मेसेज येतात ते आरसीएसवरून, म्हणजे एसएमएसऐवजी इंटरनेटवरून येतात. त्यांचा फारच त्रास होत असेल तर ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन आरसीएस बंद करता येतं.

आणि एक पळवाट आपणच उघडी ठेवतो. मॉलमधला लकी ड्रॉ, गृहप्रदर्शनातला फॉर्म, कर्जाचं ‘फक्त पात्रता तपासा’ म्हणणारं ॲप. तिथे खाली बारीक अक्षरांत संमती लिहिलेली असते आणि चौकोनात आधीच टिक असते. अशी संमती दिली की त्या कंपनीपुरतं डीएनडी बाजूला पडतं. ती संमती मागेही घेता येते, पण आधी टिक काढून टाकणं कितीतरी सोपं. दुकानदाराने बिलासाठी मोबाइल नंबर मागितला तर ‘नको, छापील बिल द्या’ म्हणायला संकोच करू नका.

ब्लॉक करून विसरून जाणं

ब्लॉक केल्याने तुमचा फोन शांत होतो, विक्रेत्याचा चालूच राहतो. त्याला अडवायचं असेल तर तक्रार करायला हवी, आणि ती करणं आता पूर्वीपेक्षा सोपं झालंय. ट्रायने फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम बदलले. पूर्वी तक्रारीला तीन दिवसांची मुदत होती, आता सात दिवसांची आहे. बिननोंदणीच्या नंबरविरुद्ध तक्रार करायला तुमचं डीएनडी असलंच पाहिजे असंही राहिलं नाही. दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी त्या नंबरवर कारवाई सुरू होऊ शकते, आधी सात दिवसांत दहा लागत. मोबाइल कंपनीला कारवाईसाठी तीस दिवस मिळायचे, ते आता पाच झालेत. पहिल्या वेळी त्या विक्रेत्याची आउटगोइंग सेवा पंधरा दिवस बंद, पुन्हा तेच केलं तर वर्षभरासाठी जोडणीच बंद.

पाच म्हणजे किती कमी, बघा. तुमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर त्याच बिल्डरच्या त्याच नंबरला कंटाळलेले पाच जण सहज निघतील. प्रत्येकाने कॉल कशाबद्दल होता, नंबर कोणता आणि तारीख काय, हे १९०९ ला कळवलं तर काम होतं. ट्रायचं डीएनडी ॲप वापरलंत तर टाइप करायचे कष्टही वाचतात. म्हणून चिडून कॉलची नोंद किंवा मेसेज लगेच डिलीट करू नका, आधी तक्रार करा.

चोरीचा संशय असेल तर जागा वेगळी. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वर ‘चक्षू’ नावाची सोय मार्च २०२४ पासून आहे. गेल्या तीस दिवसांतला संशयास्पद कॉल, एसएमएस किंवा व्हॉट्सॲप मेसेज तिथे कळवता येतो. त्याच ठिकाणी आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हेही दिसतं. तुम्ही कधीच न घेतलेला नंबर त्या यादीत दिसला तर तिथल्या तिथे ‘माझा नाही’ म्हणून कळवा.

मेसेज कुणाकडून आलाय ते न पाहता मजकूर वाचणं

महाराष्ट्रात गाजलेला विजेचा मेसेज घ्या. ‘प्रिय ग्राहक, मागच्या महिन्याचं बिल अपडेट नसल्यामुळे आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल. त्वरित वीज अधिकाऱ्याशी संपर्क साधा.’ खाली दहा आकडी मोबाइल नंबर.

यातली साडेनऊची वेळ फार विचार करून घातलेली आहे. मेसेज येतो तेव्हा वीज कार्यालय बंद झालेलं असतं, घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असतं, बाहेर उकाडा. माणूस घाबरून फोन लावतो. पलीकडचा ‘अधिकारी’ अदबीने बोलतो, बिल भरलंय हे मान्यही करतो, फक्त ‘सिस्टीममध्ये अपडेट झालं नाही’ म्हणतो आणि दहा रुपये भरायला सांगतो. त्यासाठी एक ॲप डाउनलोड करायला लावतो. ते ॲप म्हणजे तुमची स्क्रीन त्याला दाखवणारं साधन. तुम्ही दहा रुपयांसाठी कार्डाचा नंबर टाकता, ओटीपी येतो, आणि ते सगळं तो तिकडे बसून वाचतो.

आता याच मेसेजकडे नीट पाहा. महावितरणचा एसएमएस मोबाइल नंबरवरून येत नाही. पाठवणाऱ्याच्या जागी व्हीएम-एमएसईडीसीएल, व्हीके-एमएसईडीसीएल असं काहीतरी दिसतं. त्यातलं पहिलं अक्षर मोबाइल कंपनीचं, दुसरं विभागाचं, पुढे संस्थेचं नोंदवलेलं नाव. आता अशा नावांच्या शेवटी एक अक्षर जोडलेलं असतं: इंग्रजी ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ सेवा, ‘टी’ व्यवहार, ‘जी’ सरकारी. बँकेचा किंवा वीज कंपनीचा म्हणून आलेला मेसेज साध्या मोबाइल नंबरवरून असेल तर पुढचं वाचायची गरजच नाही.

शिवाय वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची असेल तरी आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ‘आज रात्री’ हा प्रकार कायद्यातच बसत नाही. खात्री करायची तर वीज कंपनीच्या १९१२ या हेल्पलाइनला लावा, किंवा हातातल्या छापील बिलावरचा नंबर घ्या. मेसेजमधला नंबर कधीही नाही.

कॉलचंही तसंच. नोंदणीकृत जाहिरातीचे कॉल १४० ने सुरू होतात. बँका, विमा कंपन्यांच्या सेवेच्या कॉलसाठी १६०० ची मालिका ठरवून दिलेली आहे. ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणारा ९८ किंवा ७० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून बोलत असेल तर फोन ठेवून स्वतः बँकेला लावा.

नावावर, फोटोवर आणि फाइलच्या आयकॉनवर विश्वास ठेवणं

ट्रूकॉलरवर दिसणारं नाव लोकांनीच भरलेलं असतं. ‘सायबर पोलीस’ असं नाव चोरालाही लावता येतं, आणि व्हॉट्सॲपच्या फोटोत पोलिसांचं बोधचिन्ह टाकायला दोन मिनिटं पुरतात.

आरटीओ चलनाच्या नावाने येणारी फाइल याहून वाईट. व्हॉट्सॲपवर ‘तुमच्या गाडीचं चलन फाटलं आहे, पावती बघा’ आणि खाली शेवटी एपीके लिहिलेली फाइल. पावती पीडीएफ असते, फोटो असतो, एपीके कधीच नसते. एपीके म्हणजे अख्खं ॲप. ते इन्स्टॉल करून एसएमएस वाचायची परवानगी दिली की तुमचे ओटीपी परस्पर चोराकडे जातात, तुम्हाला कुणाचा फोनही येत नाही. अनेकदा ही फाइल ओळखीच्या माणसाकडूनच येते, कारण आधी त्याचा फोन ताब्यात गेलेला असतो. लग्नपत्रिकेच्या नावानेही हीच फाइल फिरते. खरं चलन आहे का ते परिवहन खात्याच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघता येतं. फाइल चुकून इन्स्टॉल झालीच असेल तर लगेच इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि कार्ड थांबवा, मगच फोन साफ करायला घ्या.

‘बघू तरी काय म्हणतो’ म्हणून बोलत राहणं

‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत.’ ‘तुमचं आधार मनी लाँडरिंगमध्ये वापरलंय.’ मग कॉल दुसऱ्याकडे जोडला जातो, मग व्हिडिओ कॉल, समोर गणवेश, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत. दार लावून घ्या, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरात कुणाला सांगू नका. शेवटी ‘तपासणीसाठी’ सगळे पैसे एका खात्यात टाका, निर्दोष ठरलात की परत मिळतील.

यालाच ते ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. अशी गोष्ट भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हे स्पष्ट सांगितलं होतं. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, आणि तपासासाठी कुणी तुमची एफडी मोडायला सांगत नाही. ‘दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल, ९ दाबा’ हे ट्रायच्या नावाने येणारे कॉलही खोटे, ट्राय कुणाचा नंबर बंद करायला फोन करत नाही.

इथे वाद घालायला, त्याला उघडं पाडायला जाऊ नका. तो हे दिवसभर करतो, आपण पहिल्यांदाच ऐकत असतो. मुलं परदेशी आणि आई-वडील पुण्या-नाशकात एकटे, अशा घरांत तर ही गोष्ट आधीच बोलून ठेवायला हवी: ‘आई, कुणी म्हणालं घरच्यांना सांगू नका, तर फोन ठेव आणि पहिला फोन मला कर. रात्रीचे दोन वाजले तरी कर.’ हे प्रेमाने सांगा. ‘तुला कळत नाही’ असं एकदा ऐकलेली आई पुढच्या वेळी काही झालं तर लपवून ठेवेल, आणि चोराला तेच हवं असतं.

थोडक्यात उरलेल्या दोन गोष्टी. पैसे *घ्यायला* यूपीआय पिन कधीच लागत नाही. आणि कुरिअरवाल्याने ‘स्टार २१’ किंवा ‘स्टार ४०१’ ने सुरू होणारा काही नंबर डायल करायला सांगितला तर तो तुमचे कॉल स्वतःकडे वळवून घेतोय. चुकून केलं असेल तर दोन हॅश, ००२ आणि शेवटी हॅश डायल करा, सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं.

पैसे गेल्यावर लाजेखातर वेळ घालवणं

१९३०. सायबर फसवणुकीची तक्रार घेणारी ही सरकारी हेल्पलाइन. हा नंबर आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा, घरातल्या सगळ्यांच्या. गेलेले पैसे चोर एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात फिरवतो, आणि वाटेत ते गोठवता आले तरच हाती लागतात. म्हणून आधी १९३० आणि बँक, नातेवाइकांना सांगणं नंतर. जवळ यूटीआर (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक), रक्कम, वेळ आणि चोराचा नंबर ठेवा. फोन लागला नाही तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. बँकेला कळवल्याची वेळ लिहून ठेवा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ओटीपी आपणच दिला असला तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेकडे जातं, त्यामुळे ती वेळ कागदावर असणं महत्त्वाचं.

तक्रार दिल्यानंतरच्या दिवसांत आणखी एक फोन येऊ शकतो. ‘तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला एवढी फी भरा.’ वकील, सायबर तज्ज्ञ, पोलीस, कुणाचंही नाव घेऊन. त्याला एक रुपयाही देऊ नका, तोही नंबर त्याच तक्रारीत जोडा.