बॅटरीचा कटर घ्यायचा की पेट्रोलचा? आधी कामं बघा

बेळगावात टिळकवाडी-हिंदवाडीतल्या बंगल्यांच्या बागा सांभाळत असाल तर हेज ट्रिमर (कुंपणाची झुडपं छाटायचं मशीन) आणि ब्लोअर (पालापाचोळा उडवायचं मशीन) बॅटरीचेच घ्या. सकाळी लवकर काम सुरू केलं तरी शेजारी तक्रार करत नाहीत आणि दिवसभर धूर आपल्या माणसांच्या नाकातोंडात जात नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. खानापूरकडची कामं वेगळी. तिथल्या पावसात कमरेएवढं वाढलेलं ओलं गवत बॅटरी भराभर संपवतं. तिथं पेट्रोलचा ब्रश कटरच, म्हणजे दांड्याचं गवत कापायचं मशीनच हवं.

बॅटरी घेताना नुसते व्होल्ट बघू नका, त्यांना अँपिअर-तासांनी गुणा. ३६ व्होल्ट, ५ अँपिअर-तास म्हणजे १८० वॉट-तास. मशीन ६०० वॉट ओढत असेल तर जेमतेम १८ मिनिटं. म्हणून सगळी मशीनं एकाच बॅटरीवर चालणारी घ्या आणि जादा बॅटऱ्या जवळ ठेवा. हाताला चटका देणारी बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, सावलीत निवू द्या. याच घाईनं ती लवकर बसते.

पेट्रोलचं मशीन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑईल मिसळून चालणारं असेल, तर ऑईल पुस्तिकेप्रमाणेच घाला: ५० ला १ असेल तर लिटर पेट्रोलला २० मिली, तेही मापानं, बाटलीच्या झाकणानं अंदाजे नाही. हंगाम संपला की टाकी रिकामी करून ठेवा.